कुपाबाहेरची खोली

दिवेलागणीला तो आवाज यायचा. हट्टीच्या, म्हणजे मेंढपाळांच्या वस्तीच्या, काटेरी कुपापलीकडून, शिंदीच्या झावळ्यांनी शाकारलेल्या खोपटातून, गार वाऱ्यावर हेलकावत यायचा.

काट्याच्या कुपाआड माझी चित्ता निजलेली,
हात पुरंना बयेचा, तिची वाकळ सरली.

दोन ओळी झाल्या की आवाज थांबायचा आणि विचारायचा, "चित्ता, जागी हाईस का गं?"

चित्ता जागीच असायची. तिला भाऊ झाला होता, आणि भाऊ झाला म्हणूनच आई घरात नव्हती. बाळंतीण विटाळाची, विटाळ कुपाच्या आत आला की देव हट्टी सोडून जातो, मेंढरं पटापटा पडतात. तेव्हा बाळंतिणीनं ओलं बाळ घेऊन बाहेर राहायचं, आणि देवाचा कौल मिळाला की न्हाऊन आत यायचं. पाच वर्षांच्या पोरीला एवढं समजावलेलं होतं. वर काकीनं दम भरला होता, "ओ द्यायची न्हाई. ओ दिलीस की तिचा विटाळ तुज्या तोंडात येतो."

म्हणून चित्ता दोन्ही हातांनी तोंड दाबून बसायची. पलीकडून हाक आणखी एकदा यायची. मग आवाज स्वतःशीच म्हणायचा, "निजली जणू."

आई पुढे म्हातारी होऊन गेली. लेक तेव्हा जागी होती, हे तिला कधी कळलं नाही.

तीच चित्ता आता होसकेरेच्या सरकारी हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवते. गाव तिला चित्तक्का टीचर म्हणतं. हट्टीतून शिकून बाहेर पडलेली ती पहिली बाई. केस पिकले, चष्मा लागला, निवृत्ती जवळ आली. पण कुठे बाळ रडताना ऐकलं की अजूनही तिचा हात आपसूक तोंडाकडे जातो.

रविवारी सकाळी ती नेहमीसारखी मानव बळगाच्या बैठकीला गेली. बळग म्हणजे गोतावळा. चंद्रमौळी सरांच्या घराच्या पुढच्या खोलीत हा माणसांचा गोतावळा भरायचा. दारावर निळ्या रंगात पाटी होती: 'जात, देव आणि राजकारण चपलांबरोबर बाहेर ठेवावे.' नवा माणूस आला की सर हसून पाटीकडे बोट दाखवायचे, आणि तो माणूसही हसत चपला काढायचा.

चंद्रमौळी सरांबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे. कॉलेजात त्यांनी दोन पिढ्या शिकवल्या. भटजीवाचून, हुंड्यावाचून कितीतरी लग्नं याच खोलीत लावली. बायको गेली तेव्हा तिचा देह त्यांनी डॉक्टरकीच्या पोरांना शिकायला दिला. नातेवाइकांनी तेव्हापासून त्यांच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. असा माणूस. त्याच्या हातचं उप्पिट खाताना चित्तक्काला नेहमी वाटायचं, की जगात राहण्याजोगी जागा आहे.

त्या दिवशी उप्पिट तिच्या घशाखाली उतरेना.

"सर, आमच्या करेबंडे हट्टीला खोली बांधून झाली," ती म्हणाली. "कुपाबाहेर. सिमेंटची. आमदार विरूपण्णांच्या निधीतून. परवा उद्घाटन आहे. वर नाव काय लिहिलंय ठाऊक आहे? मातृमंदिर."

वकील सिद्धेगौडा कॉफीचा पेला फुंकत म्हणाले, "मंदिर म्हटलं की लायसन लागत नाही, टीचर. आमदार हुशार आहे."

कुणीतरी हसलं. चित्तक्का हसली नाही.

"विटाळशी आणि बाळंतिणीला बाहेर ठेवायला सरकारी पैशानं बांधलेली खोली आहे ती. आपण जाब विचारायला हवा. ग्रामसभेत, आमदाराच्या दारात, जिथे जमेल तिथे."

सरांनी पेला खाली ठेवला. "चित्तक्का, निवडणूक दोन महिन्यांवर आलीय. आता आपण तोंड उघडलं की लोक म्हणतील, हे दुसऱ्या पक्षाचे. चाळीस वर्षं आपल्याला कुणी हा डाग लावू शकलं नाही. आपलं काम मनं बदलण्याचं आहे. सत्ता येते, जाते. बदललेलं मन राहतं."

"मनं बदलत आली होती की, सर. तुम्हीच बघितलंय."

सगळ्यांनीच बघितलं होतं.

दोन वर्षांमागे थंडीत चित्तक्काच्या भावाची, ईरण्णाची लेक नागवेणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दवाखान्यातून आणली ती थेट कुपाबाहेरच्या खोपटात. बारा दिवसांचं पोर. एका पहाटे हिव पडलं, झावळ्यांतून वारं शिरलं, आणि उजाडेपर्यंत पोर निळं पडलं. ईरण्णाची बायको करियक्का कुपाच्या आतून त्याचं रडणं ऐकत होती. रडणं बारीक झालं, तेही तिनं ऐकलं. कुपाला एक फट आहे, मेंढरं आत घ्यायची. त्या फटीशी ती उभी होती. ती ओलांडली नाही.

त्यानंतर बळगानं हट्टीला जाणं धरलं. दर अमावास्येला, मेंढरं घरी असतात तेव्हा. सर स्वतः जायचे, घोंगडीवर बसायचे, नाचणीचा उकडलेला गोळा आणि हुलग्याचं सार जेवायचे, आणि कुणाला न दुखावता बोलायचे. देवाला शिव्या नाहीत, हट्टीची टिंगल नाही. एकदा म्हाताऱ्या गौडानं, हट्टीच्या प्रमुखानंच, विचारलं होतं, "मास्तर, मेंढी व्याली तर आपण तिला आत घेतो. मग बाईला का न्हाई, हे माझ्या ध्यानात आजवर कसं आलं न्हाई?" आणि करियक्का चित्तक्काचा हात धरून म्हणाली होती, "वन्सं, पुढच्या खेपेला नागीला मी आत घेणार. काय व्हायचं ते माझं होऊ दे."

एवढं झालं होतं. फट रुंदावत होती.

मग विरूपण्णांची जीप आली. हट्टीची मतं एकगठ्ठा पडतात, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी देवापुढं नारळ फोडला, मेलेल्या पोरासाठी डोळे पुसले आणि जाहीर केलं, की यापुढे एकही आई झावळ्यांत राहणार नाही. पक्की खोली देतो, फरशी देतो, पत्रा नको, स्लॅब देतो. हट्टीनं त्यांना खांद्यावर घेतलं. पुढच्या अमावास्येला सर घोंगडीवर जाऊन बसले तेव्हा गौडा म्हणाला, "मास्तर, आता त्या गोष्टीचं काय बोलायचं? सरकारनंच ठरवलं की, बाईनं बाहेर राहायचं. सरकार काय खुळं हाय?"

"हट्टीतल्या देवाला जे जमत नव्हतं, ते आमदारानं करून दिलं," चित्तक्का बळगाला म्हणाली. "रूढी डळमळीत झाली होती, तिला त्यानं स्लॅब टाकून दिला. आणि आपण म्हणायचं, आपलं क्षेत्र वेगळं?"

सिद्धेगौडा हळूच म्हणाले, "तसा कायदा आहे. बाईला असं बाहेर ठेवायला बंदी आहे."

"आहे ना? मग तो कायदा कुठून आला, वकीलसाहेब? झाडाला लागला होता? कुणीतरी विधानसभेत हात वर केले म्हणून झाला. त्या हातांना आपण राजकारण म्हणतो, आणि चपलांजवळ ठेवतो."

"टीचर," सर शांतपणे म्हणाले, "तुम्ही सरकारी नोकर आहात. असं बोललेलं उद्या कुणी ऐकलं, तर तुम्ही राजकारण करता असा शेरा पडेल. निवृत्ती तोंडावर असताना."

आणि चित्तक्कानं तेच केलं जे ती आयुष्यभर करत आली होती. तिनं मान खाली घातली. "नाही, नाही, सर. मी राजकारण करत नाहीये. मी फक्त म्हणत होते."

"मला ठाऊक आहे." सरांचा आवाज मऊ झाला. मग ते थोडे घुटमळले. "आणखी एक सांगायचं होतं. परवाच्या कार्यक्रमाला आमदारांनी मला बोलावलंय. प्रमुख पाहुणा म्हणून. ते म्हणाले, पक्षाच्या पलीकडचा माणूस हवा. मी होकार दिलाय."

चित्तक्कानं उप्पिटाची बशी खाली ठेवली.

"जाब विचारायला जाणं हे राजकारण," ती म्हणाली, "आणि हार घालून घ्यायला जाणं?"

"निदान छप्पर तरी मिळतंय, चित्तक्का. हिवात एक पोर गेलं. दुसरं जायला नको. माणुसकी म्हणून एवढं तरी चांगलं म्हणायला हवं ना?"

चपला घालताना तिची नजर पाटीवर गेली. रंग ताजा होता. दर दिवाळीला सर स्वतः लावायचे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती हट्टीला गेली. नागवेणी दुसऱ्यांदा बाळंत झाली होती, होसकेरेच्या दवाखान्यात, मुलगी. उद्या सुट्टी मिळणार होती. ईरण्णा कुपाशी बसून मेंढराच्या खुरातला काटा काढत होता.

"अण्णा, नागीला मी माझ्या घरी नेते," चित्तक्का म्हणाली. ईरण्णा धाकटा, पण ती त्याला लाडानं अण्णा म्हणायची.

"अक्का, तू नेशील. पण मी कुठं जाऊ? बाळंतिणीला परभारी नेलं म्हणून उद्या माझी मेंढरं तळ्यावर येऊ देणार न्हाईत. नागीच्या सासरची हट्टी तिला परत घेणार न्हाई." त्यानं काटा उपसून फेकला. "आणि आता तर पहिला मान आपल्या नागीला हाय. आमदारसाहेब स्वतः म्हणाले. ज्या घरचं पोर गेलं, त्याच घरच्या लेकीनं पहिलं पाऊल टाकायचं. फोटो बी येणार हाय पेपरात."

"मान." तो शब्द चित्तक्काला थुंकून टाकावासा वाटला.

"तू नको बाई काही राजकारण आणूस मधी."

"मी कसलं राजकारण करतेय?" ती पुन्हा म्हणाली. तो नकार तोंडात घोळून घोळून तिचा तिलाच कडू लागला.

करियक्का दाराशी उभी होती. नणंदेशी नजर मिळवत नव्हती. चित्तक्कानं तिचा हात धरला. "वहिनी, चल, खोली बघू."

करियक्का फटीपर्यंत आली आणि थांबली. विटाळाच्या जागेला आतल्या बाईनं शिवायचं नसतं, मग ती जागा नवीकोरी का असेना. चित्तक्का एकटी पुढे गेली.

खोली खरंच चांगली होती. पांढरा रंग, लाल फरशी, लोखंडी दार, आतून-बाहेरून कडी. एकच खिडकी होती, आणि ती माळाकडे तोंड करून. हट्टीकडे नाही. विटाळशीची नजरही कुपाच्या आत पडू नये, याची कुणीतरी बसून आखणी केली होती. कागदावर रेघ मारली होती, इंजिनियरनं सही केली होती. कुण्या अडाणी म्हाताऱ्यानं रात्री कुडात बसून हे केलं नव्हतं. शिकल्यासवरल्या माणसांनी दिवसाढवळ्या, मंजुरी घेऊन केलं होतं.

तिनं दार लावून घेतलं आणि आतून हाक मारली. "वहिनी, जागी आहेस का गं?"

हे शब्द का आले, तिला कळलं नाही. ती पुन्हा ओरडली. तिसऱ्यांदा गळ्याच्या शिरा ताणून ओरडली. मग दार उघडून बाहेर आली. करियक्का फटीशी तशीच उभी होती, पदराशी चाळा करत.

"ऐकलंस?"

"काय?"

"मी हाक मारत होते. तीनदा."

"न्हाई, वन्सं," करियक्का म्हणाली. "मला वाटलं, तुमी आत बघत बसलाय."

झावळ्यांच्या खोपटातून वारं आत शिरायचं, खरं आहे. पण आवाज बाहेर यायचा. आईची ओवी यायची. नागीच्या मेलेल्या पोराचं रडणंही आलं होतं, शेवटच्या कण्हण्यापर्यंत. या भिंतीतून काही येणार नव्हतं. आत काय घडलं ते उजाडल्यावर कडी काढली की कळणार होतं. करियक्काच्या चेहऱ्यावरून हळूहळू रक्त उतरलं. तीही तेच समजली होती. पण ती वळली आणि चुलीकडे निघून गेली.

उद्घाटनाच्या सकाळी चित्तक्का रिक्षा करून दवाखान्यात पोचली. नागवेणीची खाट रिकामी होती. शेजारची बाई म्हणाली, "जीप आली होती हो टीचर, फुलं लावलेली. पोरीला ओटी भरून नेलं. नशीबवान आहे." चित्तक्का तीच रिक्षा वळवून हट्टीकडे निघाली.

माळावर मांडव पडला होता. कर्णा लागला होता. हट्टीचे पुरुष मांडवात सतरंजीवर, बायका कुपाच्या आत, फटीशी दाटीवाटीनं. स्टेजवर विरूपण्णा, शेजारी पांढऱ्या खादीत चंद्रमौळी सर, गळ्यात झेंडूचा हार. खोलीच्या पायरीशी खुर्चीवर नागवेणी. अंगावर नवी हिरवी साडी, डोळ्यांखाली काळं, मांडीवर गुंडाळलेली चिमणी. आत्याला बघून तिचे ओठ हलले.

विरूपण्णांना बोलायची कला होती. "मी तुमच्या परंपरेत हात घालणारा माणूस नाही. काही शहाणे येतात, तुम्हाला सांगतात, तुमचा देव खोटा, तुमची हट्टी खोटी. मी म्हणतो, देव तुमचा, हट्टी तुमची, मी फक्त छप्पर घालणारा गवंडी." टाळ्या पडल्या. "आता विरोधक म्हणतील, मतांसाठी केलं. म्हणूनच मी आज असा पाहुणा आणलाय, ज्यांनी उभ्या जन्मात राजकारणाला शिवलं नाही."

सर उठले. चष्मा पुसला. "मी राजकारणावर बोलणार नाही," त्यांनी नेहमीसारखी सुरुवात केली. "आदर्श गोष्ट वेगळी असते, शक्य ती गोष्ट वेगळी. ही खोली म्हणजे माणुसकीच्या वाटेवरचं एक छोटं पाऊल..." कर्ण्यातून तो मऊ, स्वच्छ, सज्जन आवाज माळभर पसरला. चित्तक्काला वाटलं, आमदाराच्या सगळ्या घोषणांपेक्षा ही एवढी सज्जन वाक्यं त्या भिंतीला जास्त बळकट करताहेत. सिमेंट आमदाराचं, पण वरून पाणी सर मारताहेत.

मग फीत कापली. नागवेणीला उठवलं. "उजवं पाऊल, पोरी, उजवं." कॅमेरे वाजले. ती आत गेली. विरूपण्णांच्या माणसाला खोलीची मजबुती दाखवायची होती. त्यानं हसत हसत लोखंडी दार लोटलं आणि बाहेरून कडी घातली. "बघा, लांडगा येऊ दे, कोल्हा येऊ दे."

दार लागता लागता बाळ रडायला लागलं होतं. कडी पडली आणि रडणं तुटलं. सुरीनं कापावं तसं.

क्षणभर कुणाला काही वाटलं नाही. मांडवात कुणी टाळी वाजवली. आणि कुपाच्या आत, बायकांच्या दाटीत, करियक्कानं कान टवकारले. तिनं मान तिरकी केली, आणखी तिरकी केली. समोर दार. आत नात, तोंड उघडून रडत असणार. ऐकू काहीच येत नव्हतं.

ती फटीतून बाहेर आली.

गौडा पहिल्यांदा ओरडला, "करियक्का, कुठं निघालीस?" ती थांबली नाही. ईरण्णा अर्धा उठला. ती त्याच्या अंगावरून गेली, पायरी चढली, कडी काढली. रडणं पुन्हा माळावर सांडलं. तिनं बाळ छातीशी धरलं, दुसऱ्या हातानं लेकीचं मनगट धरलं आणि परत फिरली.

"अगं बये, विटाळ घेऊन आत चाललीस," गौडाचा आवाज कापत होता. "देव हट्टी सोडून जाईल."

"जाऊ दे की," करियक्का म्हणाली. "त्याला बी थोडं बाहेर राहून बघू दे."

विरूपण्णा कसलेले होते. त्यांनी माईक हातात घेतला, आणि त्यांची नजर बरोबर चित्तक्कावर पडली. ती आता करियक्का आणि मांडवातल्या पुरुषांच्या मधे येऊन उभी होती. "अच्छा, टीचर आल्यात होय," ते हसून म्हणाले. "तरीच. बघा लोकहो, हा काही बेवारशी कार्यक्रम नव्हता, सगळ्यांच्या संमतीनं चाललं होतं. निवडणूक आली की एकेकाला जाग येते. टीचर, इतकी वर्षं झोपला होतात का? आणि सरकारी पगार घेऊन राजकारण करता, हे वर कळवायला लागेल बरं मला."

चंद्रमौळी सर स्टेजवरून खाली आले होते. तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "चित्तक्का, त्यांना सांगा, यात राजकारण नाही. एवढंच म्हणा. मी सांभाळून घेतो." त्यांच्या डोळ्यांत खरी काळजी होती. तिच्या नोकरीची, तिच्या पेन्शनची, आणि त्या निळ्या पाटीची.

वाक्य जिभेवर तयारच होतं. शाळेत, बळगात, भावाच्या दारात म्हणून म्हणून गुळगुळीत झालेलं. ती ते म्हणाली असती तर सगळं मिटलं असतं. सर हसले असते, आमदारांनी माफ केलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत समजूत घालून नागवेणीला परत बाहेर आणलं असतं. मागून, फटीतून आत जाता जाता, नागवेणीनं वळून हाक मारली. कोरड्या, बाळंतिणीच्या आवाजात.

"आत्ते, हाईस ना?"

चित्तक्काचा हात तोंडाकडे गेला. अर्ध्यावर थांबला. मग खाली आला.

"आहे गं," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्या हट्टीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मग ती आमदाराकडे वळली. "झोपले नव्हते मी, साहेब. पाच वर्षांची होते तेव्हापासून जागी आहे. माझी आई याच माळावरून हाक मारायची, आणि मी तोंड दाबून बसायचे. जागी होते, पण ओ दिली नाही, एवढाच माझा गुन्हा."

सरांनी तिच्या कोपराला हात लावला. तिनं तो हळूच बाजूला केला. रागानं नाही, बापाचा हात बाजूला करावा तसा.

"सर, तुम्ही राजकारण बाहेर ठेवलंत, म्हणून ते इथं येऊन खोली बांधून राहिलं. आता त्या खोलीत आमच्या पोरी कोंडायला निघालंय." तिनं विरूपण्णांच्या डोळ्यांत बघितलं. "कळवा वर. लिहून कळवा. या हट्टीतल्या बाया, त्या हट्टीतल्या बाया, सगळ्या कुपांच्या फटींशी जाऊन मी सांगणार आहे, की जो बाईला बाहेर ठेवतो त्याला मत घालू नका. मग तो छप्पर घालो नाहीतर सोन्याचा पत्रा."

कर्णा गुरगुरत राहिला. कुणी तो बंद केला नव्हता.

"होय," चित्तक्का म्हणाली, "हे राजकारण आहे. मी राजकारण करतेय."